अनघाच्या लग्नाचे कागद

"बाबा, यातल्या कुठल्या चौकटीत मी बसते ते सांगा," असं म्हणत अनघानं कागद माझ्यापुढं सरकवला.

जर्मनीतल्या कील गावच्या विवाह नोंदणी कचेरीचा तो कागद होता. अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा अशा चार चौकटी होत्या आणि त्यातल्या एकीत खूण करायची होती. प्रत्येक शब्दाखाली अनघानं माझ्यासाठी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून ठेवला होता. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर लोकांना रकाने भरायला लावले आणि रिकामा रकाना दिसला की अर्ज परत केला. चष्मा पुसून मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या सुनेला बसायला त्यात जागा नव्हती.

माझा मुलगा पराग मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. आमच्या घराण्यात कृष्णेच्या पात्रापलीकडचं पाणी कुणी पाहिलेलं नाही. मिरजेत जन्मलेल्या या पोराला समुद्राचं वेड कुठून लागलं, देव जाणे. अनघाशी लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली असतील. आफ्रिकेचं टोक ओलांडून जहाज पुढं गेलं होतं आणि एका सकाळी पराग कामावर आला नाही. जहाज सगळं धुंडाळलं, मागं वळवून समुद्रही धुंडाळला. पुढं कंपनीचं पत्र आलं. त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. मृत म्हणायला त्यांच्याजवळ देह नव्हता आणि जिवंत म्हणायला माणूस.

अनघाचे आईवडील ती शिकत असतानाच गेले होते. भाऊ हुबळीला, त्याच्या संसारात. त्यामुळं ती आमच्याकडेच राहिली. सकाळी दवाखान्यात जायची, लोकांचे गुडघे-खांदे हलते करायची, संध्याकाळी येऊन शरयूबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर भाजी निवडायची. दोघी एका शब्दानं परागचं नाव काढायच्या नाहीत. हे काही बरं नाही, असं मीच शेवटी मनाशी ठरवलं, तिला जर्मन शिकायला लावलं आणि परदेशातल्या नोकरीचा अर्ज करायला बसवलं. तिथं बंदरावरच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं. तिथंच तिला श्टेफान भेटला. त्याची बायको वारलेली, पदरात एक लहान मुलगी. हे सगळं तिनं आधी शरयूला फोनवर सांगितलं होतं. शरयूनं ऐकून घेतलं, मुलीला दूध आवडतं का एवढंच विचारलं आणि फोन माझ्याकडे दिला.

तर अशी ती कागद घेऊन सुटी काढून आली होती. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, कागद ही माझी शेतीवाडी आहे, तुला सगळं पिकवून देतो. मला खरंच तसं वाटत होतं. त्या वयात कुणीतरी आपल्याला काम सांगावं यासारखं सुख नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांगलीला शिरगुप्पे वकिलांकडे गेलो. हे माझ्या कचेरीपासूनचे ओळखीचे. मला अजून भाऊसाहेब म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकलं, टेबलावरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वाटा दोन आहेत. सात वर्षं होऊन गेलीत, त्यामुळं दोन्ही मोकळ्या आहेत. एक म्हणजे कोर्टाकडून पराग मृत असल्याचं जाहीर करून घ्यायचं. मग महापालिका मृत्यूचा दाखला देते. त्यात तुम्ही दोघांनी शपथेवर सांगायचं, आमचा मुलगा हयात नाही अशी आमची खात्री आहे. दुसरी म्हणजे अनघाताईंनी घटस्फोट मागायचा. सात वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, हे कारण कायद्याला पुरतं. जर्मनीला दोन्ही चालेल."

"मग पहिलीच," अनघा म्हणाली.

"घटस्फोट," शरयू म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. शिरगुप्पे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो.

घटस्फोट हा शब्द शरयूच्या तोंडून मी संसारात पहिल्यांदा ऐकला. शेजारच्या कुलकर्ण्यांच्या मुलीनं घेतला तेव्हा हिनं महिनाभर त्यांच्या घराची पायरी चढली नव्हती. आणि तीच बाई भर वकिलाच्या कचेरीत आपल्या सुनेला सांगत होती, घटस्फोट घे. मला मात्र तेव्हा नवल वाटलं नाही. मला वाटलं ते हायसं. शरयूला ते शपथेवरचं वाक्य बोलायला लागणार नाही म्हणून हायसं वाटतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कारण शरयू मानतच नव्हती ना, पराग गेला म्हणून. त्याचा फोटो तिनं कधी भिंतीवर लावू दिला नाही. कुणी सांत्वनाला आलं की ती चहा टाकायला आत निघून जायची. तिच्यासाठी मीही मग काय काय करत आलो होतो. परागचा मोबाईल नंबर बंद पडू नये म्हणून पैसे भरत होतो. त्याची मोटरसायकल दर रविवारी पुसून, चालू करून, घरापुढं थोडा वेळ घरघरत ठेवत होतो. दारात रिक्षा थांबली की उठून बघत होतो. मी व्यवहारी माणूस. जहाजावरून नाहीसा झालेला माणूस परत येत नसतो हे मला समजत होतं. पण बायकोचं मन सांभाळायला नको?

घरी आल्यावर दोघींचं सुरू झालं. भांडण नव्हे. आवाज चढला असता तर मला मधे पडता आलं असतं. दोघी आपापल्या जागी बसून हळू आवाजात एकमेकींना समजावत राहिल्या, जेवताना, भांडी विसळताना, देवापुढं वाती करताना. अनघाचं म्हणणं असं, की घटस्फोट घ्यायचा म्हणजे कोर्टात जाऊन सांगायचं, मला हा नवरा नको. आणि तसं कधी नव्हतंच. त्याच्याशी तिचं एका दिवसाचंसुद्धा वाकडं नव्हतं. शरयूचं म्हणणं एकच, तो मेलाय असं मी शपथेवर सांगणार नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अनघा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"आई, मी त्याला सोडलेलं नाही हो. उद्या त्या गावात कुणी विचारलं, पहिल्या नवऱ्याचं काय झालं, तर मी काय सांगू? काडीमोड घेतला म्हणून सांगू? मला त्याची विधवा म्हणू दे. तेवढं तरी माझं राहू दे."

शरयू पोळी लाटत होती. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही.

"आणि मी काय सांगू? माझ्या हातानं त्याला पुसून टाकला म्हणून? तुला लग्न करायचंय ना, कर. खुशाल कर. मी तुझ्या लग्नाची साडीसुद्धा घेऊन देईन. पण त्याला मारून करू नकोस."

हे वाक्य फार कठोर होतं. अनघाचा चेहरा पांढराफटक पडला. मी शरयूवर ओरडलो, की जिभेला काही हाड आहे का नाही. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, पोळी तव्यावर टाकली. अनघा खोलीत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मी दाराशी दोनदा जाऊन परत आलो. मला त्या मुलीची फार दया येत होती आणि तरी एकदाही मी म्हणालो नाही, की शरयू, अनघाचं बरोबर आहे. मला ते म्हणवेनाच.

दिवे लागल्यावर अनघा बाहेर आली. तोंड धुऊन, केस विंचरून.

"बाबा, शिरगुप्पे काकांना सांगा, घटस्फोटाचा अर्ज तयार करा. मी त्याला सोडल्यानं तो आईंच्या मनात राहणार असेल तर राहू दे."

शरयूनं तिला जवळ घेतलं नाही. नुसतं म्हणाली, "जेवून घे चल."

त्यानंतर मी जो कामाला लागलो, तो पाहण्यासारखा होतो. अनघाचा जन्मदाखला, राहत्या जागेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, कंपनीचं पत्र, पोलिसांची नोंद, प्रत्येकाच्या प्रती, प्रत्येक प्रतीवर सही-शिक्का. पुण्यातल्या एका बाईंकडे जर्मन भाषांतर. मुंबईला मंत्रालयात दोन खेटे. परदेशी लग्नाला लागणारे कागद कसे जमवावेत यावर मी आख्ख्या गल्लीला व्याख्यान देत फिरायचो. शरयू म्हणायची, तुम्हालाच नवरदेव व्हायचंय की काय. अनघा तेव्हा पहिल्यांदा हसली.

मग एके दुपारी कोर्टाचा बेलीफ आला. अर्ज परागविरुद्ध होता आणि परागचा शेवटचा माहीत असलेला पत्ता म्हणजे आमचं घर. समन्स तिथंच येणार, हे मला कायद्यानं ठाऊक होतं. तरी सायकल भिंतीला टेकवून त्या माणसानं हाक मारली तेव्हा मी अनवाणीच बाहेर आलो.

"पराग वामन म्हैसकर इथंच राहत्यात न्हवं?"

"हो, इथंच," मी म्हणालो.

"हायत का घरात?"

"आत्ता नाही."

बेलीफानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "कवा येत्यात?"

मी समन्स त्याच्याकडून घेऊन उलटंपालटं केलं. आतून शरयू आली, माझ्या हातातला कागद घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तो सात वर्षं बेपत्ता आहे. तसं लिहून घ्या आणि यांची सही घ्या." बेलीफ ओशाळला. पाणी पिऊन गेला. मी आत येऊन शरयूला म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून मी तसं बोललो. ती म्हणाली, बरं.

पुढं वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. त्यात पराग वामन म्हैसकर यास कळवलं होतं, की तुमच्या पत्नीनं घटस्फोटासाठी अर्ज केला आहे, तरी तुम्ही नेमल्या तारखेस सकाळी हजर राहावं, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत निकाल देण्यात येईल. जन्मभर मी असल्या नोटिसा काढल्या, पण कधी कुणा माणसानं ती वाचावी असं मनापासून वाटलं नव्हतं. ही मात्र मी कापून खिशात ठेवली. हे वर्तमानपत्र कुठं कुठं जातं याची चौकशीही करून आलो. विक्रेता म्हणाला, गोव्यापर्यंत जातं.

मधे परत गेलेली अनघा तारखेच्या दिवशी पुन्हा जर्मनीहून आली होती. कोर्टाच्या बाकावर एका बाजूला ती, मधे शरयू, मग मी. आमचं प्रकरण निघालं तसा पट्टेवाला दारात गेला आणि व्हरांड्याकडे तोंड करून त्यानं परागच्या नावाचा पुकारा केला. घसा चांगला होता त्याचा. एकदा, दोनदा, तीनदा, आडनावासकट. व्हरांड्यातली माणसं गप्प झाली. जिन्यावर कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता. मी मान वळवून जिन्याकडे बघत राहिलो. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत वर आले आणि पलीकडच्या खोलीत गेले.

मी परत वळलो तेव्हा शरयू माझ्याकडे पाठ करून बसलेली होती. तिनं अनघाचा हात हातात घेतला होता. अनघा रडत होती. न्यायाधीशबाई जरा थांबल्या, मग लिहायला लागल्या.

निकाल मिळाला, अपिलाची मुदत गेली, निकालाचं भाषांतर झालं, त्यावर शिक्के बसले. माझ्या हातून एक कागद चुकला नाही. कागद न्यायला पुन्हा आलेली अनघा निघाली त्या सकाळी शरयूनं तिला हळदकुंकू लावलं, नव्या साडीनं तिची ओटी भरली. छोट्या मुलीसाठी खाऊचा डबा दिला. अनघा तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, तो आला तर त्याला सांगा..." शरयू म्हणाली, "सांगेन. तू मागं बघू नकोस." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत शरयू फाटकाशी उभी होती.

ती आत आली, पाय धुतले, माझ्यासमोर खुर्चीवर बसली. एरवी ती या वेळेला कधी बसत नसे.

"गणपुले गुरुजींशी मी बोलून ठेवलंय," ती म्हणाली. "येत्या अमावस्येला परागचं करून टाकू."

मला कळेना. "काय करून टाकू?"

"अंत्यविधी. देह नसला तर दर्भाचा पुतळा करतात. आपल्याला फक्त नारळ न्यायचा."

मी म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? घटस्फोटाचा हट्ट तू धरलास. तो मेलाय असं सांगणार नाही म्हणालीस. त्या पोरीला रडवलंस.

"रडवलं," ती म्हणाली. "तिला विधवा म्हणवून घ्यायचं होतं. विधवा म्हणून गेली असती तर जन्मभर त्याची बायको राहिली असती. त्या नव्या माणसाच्या घरात निम्मी गेली असती. त्याच्या पोरीला निम्मी आई मिळाली असती. मला ती सगळीच्या सगळी जायला हवी होती. कोर्टात उभी राहून, स्वतःच्या तोंडानं सोडून गेली ना? आता सुटली. मला वाईट म्हणाली तरी चालेल."

"आणि पराग?"

"पराग गेला हो." ती हे इतक्या हळू म्हणाली, की जणू मी झोपलोय आणि मला दचकवायचं नाही. "पहिली दोनेक वर्षं मलाही वाटायचं. मग कधीतरी वाटेनासं झालं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? मोटरसायकल चालू करा असं मी तुम्हाला कधी सांगितलं का? फोनचे पैसे भरा म्हणाले का? तुम्ही म्हणायचात, तुझ्यासाठी करतोय. मी म्हटलं, करू देत. त्या दिवशी कोर्टात तुम्ही जिन्याकडे बघत होता तेव्हा मला तुमच्याकडे बघवेना."

मी पुष्कळ काही बोललो असेन त्यानंतर. शास्त्रात अशा माणसासाठी बारा वर्षं थांबायला सांगितलंय, असंही म्हणालो. ती म्हणाली, शास्त्र कधीपासून वाचायला लागलात. मी म्हणालो, निदान या दिवाळीपर्यंत थांबू. ती म्हणाली, कशासाठी. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती वाट बघतेय आणि मी तिला सांभाळतोय. माझा सगळा धीर तिच्या त्या न मानण्यावर उभा होता आणि ते कधीचंच उरलं नव्हतं. मी तिथंच खुर्चीत बसून मोठमोठ्यानं रडलो. पराग गेल्याची बातमी मला त्या सकाळी कळली.

अमावस्येला आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. बायकांनी यायचं नसतं, असं गणपुले गुरुजींनी चाचरत सुचवून पाहिलं. शरयू म्हणाली, मी येणार. ते पुन्हा बोलले नाहीत. ऊन चांगलं वर आलं होतं. पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. गुरुजींनी दर्भाच्या जुड्या बांधून हात केले, पाय केले, पोट-पाठ केली, वर पांढरं कापड गुंडाळलं. नारळ बांधला ते डोकं.

"भाऊसाहेब, उचला," गुरुजी म्हणाले. "लाकडांवर तुम्हीच ठेवायचा."

मी वाकून दोन्ही हातांवर घेतला. अंगाला वजन असं नव्हतंच. नारळ तेवढा जड होता, त्यामुळं मान एकसारखी मागं कलंडत होती. मी तसाच उभा राहिलो.

शरयू जवळ आली. तिनं कापड नीट केलं.

"मानेखाली हात घ्या," ती म्हणाली.

मी घेतला.